दहा मिनिटं

ब्रेक गोठतात हे मला कुणी सांगितलं नव्हतं, असं नाही. आमच्या यार्डातल्या सगळ्यात जुन्या ड्रायव्हरने पहिल्याच आठवड्यात बजावलं होतं, ‘बर्फाच्या चिखलातून आलास की लगेच पार्किंग ब्रेक ओढू नकोस. हलका ब्रेक दाबत गाडी दोन-चारदा पुढे-मागे घे. ड्रम कोरडे होऊ देत, निवू देत, मग लाव.’ मी मान डोलावली. अकरा वर्षं दुधाचा टँकर चालवलेला माणूस मी. गाडी कशी लावायची हे मला आता कोण शिकवणार, असं मनात होतंच.

२०१९च्या जानेवारीची अखेर होती. ध्रुवाकडून खाली उतरलेली थंडीची लाट कॅनडातल्या ओंटारिओवर येऊन बसली होती. पहाटे साडेतीनला यार्डात पोचलो तेव्हा पारा उणे २४ वर होता. रात्री ब्लॉक हीटरची पिन आठवणीने लावली होती, म्हणून इंजिन सुरू झालं. हवा भरली, ब्रेक सोडले, गिअर टाकला. गाडी हलली, पण मागच्या टँकरची चाकं फिरेनात. ती बर्फावरून तशीच फरफटत आली. मला वाटलं, खाली गुळगुळीत आहे, थोडं पुढे गेलं की धरतील. पंधरा-वीस फूट तसाच ओढत नेला. उतरून बॅटरी मारली तर दोन टायरांवर घासून सपाट डाग पडलेले. आदल्या संध्याकाळी तापलेल्या ड्रमवर बर्फ वितळलं होतं. ते पाणी लायनर आणि ड्रमच्या मधे उतरलं आणि रात्रीत तिथेच दगड होऊन बसलं.

हातोडा घेऊन गाडीखाली शिरलो आणि एकेक ड्रम ठोकत बसलो. हवेच्या टाक्यांत रोज थोडं पाणी साठतं. ते काढायचं मी दोन दिवस विसरलो होतो, त्यामुळे एक व्हॉल्व्हही गोठला होता. तो मोकळा होईपर्यंत पावणेसहा वाजले. म्हणजे दोन तास गेले. ते दोन तास मी त्या दिवशी भरून काढायला निघालो. मला आज जे सांगायचं आहे ते या भरून काढण्याबद्दल.

मी मूळचा पन्हाळा तालुक्यातला. कोल्हापूरहून मुंबईला दूध न्यायचो. संध्याकाळी टाकी गळ्यापर्यंत भरून निघायचं, कराड, सातारा, खंबाटकी, पुणे, खंडाळा आणि पहाटे वाशी. बायको नर्स. तिला कॅनडात काम मिळालं आणि २०१८ साली आम्ही स्ट्रॅटफर्डला आलो. ओंटारिओत २०१७च्या जुलैपासून मोठ्या ट्रेलरच्या परवान्यासाठी किमान एकशे साडेतीन तासांचं प्रशिक्षण सक्तीचं झालं आहे. ते मी ब्रॅम्प्टनला घेतलं. बरोबरची बहुतेक पोरं पंजाबी होती. ऑगस्ट महिना होता, रस्ते कोरडे होते, परीक्षा पहिल्या फटक्यात पास झालो. थंडीबद्दल एक धडा होता. तो मी भर उन्हात, घाम पुसत वाचला.

लोकांना वाटतं, दुधाचा टँकर म्हणजे फिरतं फ्रीज. तसं नसतं. टाकी म्हणजे एक मोठा थर्मास. कोल्हापूरच्या मे महिन्यात ती जाड भिंत दूध तापू देत नाही आणि इथल्या जानेवारीत तीच भिंत दूध गोठू देत नाही. दूध उणे अर्ध्या अंशाच्या आसपास गोठतं, पण आत हजारो लिटर असेल तर दिवसभरात त्याला काही होत नाही. गोठतं ते टाकीच्या बाहेरचं. होजमध्ये राहिलेला घोटभर, कपलिंगच्या खाचेतला थेंब, व्हॉल्व्हच्या तोंडाशी धुण्याचं उरलेलं पाणी. ते गोठलं की पुढच्या गोठ्यावर जोडणी बसत नाही. मग गरम पाण्याची बादली मागायची आणि शेतकऱ्याच्या बायकोपुढे मान खाली घालून उभं राहायचं. मी हे तीनदा केलं आहे.

हातांचंही तसंच. दुधाला हात लावण्याआधी हात स्वच्छ धुवायचे हा नियम. मी धुवायचो आणि घाईत नीट न पुसता बाहेर जायचो. एकदा ओल्या बोटांनी मागच्या कपाटाचा स्टीलचा दांडा धरला. बोटं चिकटली. घाबरून ओढली तर तीन बोटांच्या टोकांची कातडी दांड्यावर राहिली. त्यानंतर खिशात कोरडं फडकं ठेवायला लागलो.

या चुका माझ्या मला भोवल्या. त्या सांगताना फारसं जड जात नाही.

ओंटारिओत टँकरचा ड्रायव्हर नुसता ड्रायव्हर नसतो, तो ग्रेडर असतो. त्याचं वेगळं शिक्षण, वेगळी परीक्षा आणि वेगळं प्रमाणपत्र. एक दिवसाआड तो प्रत्येक गोठ्यावर जातो. गोठ्याला लागून मिल्क हाउस असतं, म्हणजे दुधाच्या टाकीची खोली. तिथे तो टाकीचं झाकण उघडून वास घेतो, दूध डोळ्यांनी बघतो, तापमान बघतो. चार अंशांच्या वर असून चालत नाही. मग स्थिर दुधात मोजपट्टी बुडवतो. पट्टी आधी कोरडी पुसलेली हवी, आकडा दोनदा सारखा यायला हवा. तक्त्यावरून त्या आकड्याचे लिटर काढायचे. त्यानंतर अ‍ॅजिटेटर, म्हणजे दूध ढवळणारा पंखा, चालू करायचा. टाकी लहान असेल तर निदान पाच मिनिटं, मोठी असेल तर दहा. मग निर्जंतुक पळीने नमुना घ्यायचा, बाटलीवर गोठ्याचा क्रमांक आहे ना ते बघायचं, बाटली नमुन्यांच्या थंड पेटीत ठेवायची, आणि तेव्हाच होज जोडून पंप सुरू करायचा.

शेतकरी बहुतेक वेळा तिथे नसतोच. तो आत गायींकडे असतो किंवा झोपलेला असतो. किती लिटर ते मी लिहिणार आणि फॅट किती ते मी भरलेल्या बाटलीवरून ठरणार. प्लांटवाल्याच्या वतीने मी, शेतकऱ्याच्या वतीनेही मीच. दूध एकदा टँकरमध्ये इतरांच्या दुधात मिसळलं की पुन्हा मोजायला काही उरत नाही.

आणि इथे पैसे पाण्यासकट लिटराचे मिळत नाहीत. फॅट, प्रथिनं आणि बाकीचे घनपदार्थ, यांच्या किलोवर हिशोब होतो. शिवाय कोटा आहे. रोज इतके किलो फॅट विकायचा हक्क शेतकऱ्याने मोलाने घेतलेला असतो. थोडं मागे-पुढे व्हायला मुभा असते. त्या मुभेच्या बाहेर जास्त गेलेल्या दुधाला पैसे नाहीत.

तर त्या दिवशी मी दोन तास मागे होतो. वर गॉडरिचच्या बाजूने स्नो स्क्वॉलचा इशारा आला होता. ह्युरन सरोवर इतकं मोठं की जानेवारीतही त्याचं बरंचसं पाणी उघडं असतं. पश्चिमेकडून कोरडी गार हवा त्या पाण्यावरून येते, वाफ उचलते आणि किनारा लागला की पट्ट्यापट्ट्याने बर्फ टाकत सुटते. एका गावात ऊन असतं आणि तीन मैलांवर गाडीचं बॉनेट दिसत नाही. अशा वेळी शेताच्या आतल्या रस्त्यावर तासाभरात गुडघाभर बर्फ साचतं. आत गेलेला टँकर मग आतच राहतो.

तिसरा गोठा एका म्हाताऱ्या शेतकऱ्याचा होता. घराणं मूळचं हॉलंडमधलं. इकडच्या दूधवाल्यांत अशी घराणी पुष्कळ. सत्तरेक गायी, पाच हजार लिटरच्या पुढची टाकी. तिला दहा मिनिटं लागायची. मी पंखा चालू केला आणि घड्याळाकडे बघितलं. बाहेर वारा सुटला होता. दोन मिनिटांनी आत डोकावलो. दूध छान फिरत होतं. वरचा सायीचा पट्टा मोडलेला दिसत होता. झालं की, म्हटलं. पंखा चालूच ठेवून नमुना घेतला आणि होज जोडायला पळालो. आठ मिनिटं वाचली. पुढच्या चार गोठ्यांवर तेच केलं आणि दुपारी प्लांटवर जवळजवळ वेळेत पोचलो. डिस्पॅचवरची मुलगी म्हणाली, ‘आज तुम्ही कमालच केलीत.’ मला ते फार आवडलं.

दुसऱ्या खेपेला उशीर झालेला नव्हता, तरी मी तीन मिनिटांवर नमुना घेतला. तिसऱ्या खेपेला घड्याळ बघितलंच नाही. त्या वर्षीचा हिवाळा लांबला. थंडी होती, बर्फ होतं, रस्ते बंद व्हायचे, आणि माझ्याकडे रोज एक कारण तयार असायचं. सात गोठ्यांचे मिळून तासभर वाचायचे. त्या तासात मी काय करायचो? कॅबमध्ये हीटर लावून चहा प्यायचो. खोटं कशाला सांगू?

त्याच फेब्रुवारीत आणखी एक गोष्ट घडली. कोल्हापूर-मुंबई मी नेहमी भरल्या टाकीने केली होती किंवा रिकाम्या. अर्धी टाकी घेऊन मी कधी हिंडलोच नव्हतो. इथे गोठ्यागोठ्यावर दूध गोळा करायचं, म्हणजे दिवसातला बराच वेळ टाकी अर्धीमुर्धी. आणि दुधाच्या टाकीत आडव्या भिंती नसतात, कारण त्यांच्या मागे दूध अडकून राहिलं तर टाकी धुऊन निघत नाही. त्यामुळे आतलं दूध एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत मोकळं पळतं. तुम्ही ब्रेक दाबता, गाडी थांबते, दूध थांबत नाही. क्षणभराने ते पुढच्या भिंतीवर येऊन आदळतं.

कन्सेशन रोड म्हणतात त्या आडव्या-उभ्या खेड्यातल्या रस्त्यांवरून येत होतो. त्या थंडीत रस्त्यावर टाकलेलं मीठही काम करेनासं होतं. खडीवर दाबलेलं बर्फ होतं आणि वर वाऱ्याने पुसून चकचकीत केलेला थर. पुढे स्टॉपची पाटी. मी लांबूनच हळूहळू वेग कमी करत आणला, पाटीच्या अलीकडे गाडी नीट थांबली. ब्रेकवरचा पाय मी थोडा सैल केला आणि तेवढ्यात मागून दूध आलं. पंधरा हजार लिटर. कोरड्या रस्त्यावर नुसता धक्का बसला असता. इथे त्याने अख्खी गाडी ढकलली. चाकं बंद, स्टिअरिंग हातात, आणि मी शांतपणे, अगदी सावकाश चौकात सरकत गेलो.

डावीकडून एक घोडागाडी आली होती. या भागात मेनोनाइट लोकांची वस्ती आहे. त्यांच्यातले जुन्या वळणाचे लोक अजून काळ्या बग्गीतून हिंडतात. मागे नारिंगी त्रिकोण लावलेला असतो. माझं नाक रस्त्यात घुसलं तेव्हा घोडा दोन पायांवर उभा राहिला. माणसाने लगाम आवळला आणि बग्गी कडेच्या बर्फात गेली. आत एक बाई आणि शालीत गुंडाळलेलं लेकरू होतं. गाडी आणि घोडा यांच्यात चार हात अंतर राहिलं असेल. तो माणूस खाली उतरला, घोड्याच्या मानेवर हात ठेवून बराच वेळ उभा राहिला, मग माझ्याकडे एकदा बघून बग्गी रस्त्यावर घेऊन निघून गेला. मी काच खाली करून ‘सॉरी’ म्हणालो होतो. वाऱ्यात ते त्याला ऐकू गेलं नसावं. उतरून त्याच्यापाशी जायचं मला सुचलं नाही. ते मला अजून लागतं.

नियम असा की असं काही घडलं तर त्याच दिवशी लिहून द्यायचं. त्यावरून त्या चौकाची नोंद होते, तिथे वाळू टाकायला सांगतात, बाकीच्या ड्रायव्हरांना कळतं. मी लिहून दिलं नाही. नवा माणूस, त्यातून बाहेरदेशचा, चार महिन्यांत हे काय, असं म्हणतील अशी भीती वाटली. कुणाला लागलं नाही ना, मग कशाला, अशी मनाची समजूत घातली. नंतर एकदा आमचाच दुसरा एक ड्रायव्हर त्याच चौकात घसरला आणि त्याची गाडी खड्ड्यात गेली. तो वाचला. मी तेव्हाही बोललो नाही.

एप्रिलमध्ये बर्फ उतरलं. म्हाताऱ्याच्या शेतात चिखल झाला होता. एके सकाळी ते स्वतः मिल्क हाउसमध्ये आले. हातात फोन होता, त्यावर त्यांच्या दुधाचे निकाल. म्हणाले, ‘तू गोठेगोठे हिंडतोस, म्हणून विचारतो. या हिवाळ्यात बाकीच्यांचंही फॅट असंच उड्या मारत होतं का?’ मी आकडे बघितले. डिसेंबरपर्यंत सरळ ओळीत चाललेले, चार पूर्णांक एकच्या आगेमागे. फेब्रुवारीपासून कधी चार, कधी चार पूर्णांक पाच, एकदा चार पूर्णांक सहा. सरासरी चढलेली.

पळी वरून दुधात शिरते. नीट न ढवळलेल्या टाकीत वरच्या दुधात साय जास्त असते. पळी तीच भरून आणते.

त्यांना वाटलं, गायींचं फॅट वाढलं. फेब्रुवारीच्या अखेरीस त्यांचा कोटा ओलांडला जाऊ लागला. मुभेचे दिवस संपले आणि काही दूध बिनपैशाचं जाणार असं दिसायला लागलं. त्यांनी खाद्याच्या सल्लागाराला बोलावलं, चारा बदलला. तरी आकडे उतरेनात. मग त्यांनी दोन गायी विकल्या. दूध कमी करायचं तर दुसरा मार्ग नव्हता. आणि गायी गेल्यावर, म्हणजे मार्चच्या मध्यावर, एक महिना माझ्याऐवजी दुसरा ड्रायव्हर त्या मार्गावर होता, तेव्हा आकडे एकदम खाली आले. आता कोटा भरत नव्हता. ‘त्यातली एक माझ्या नातीने वाढवलेली होती,’ ते म्हणाले. ‘काही कळत नाही बघ. चाळीस वर्षं गायी पाळतोय.’

मी म्हणालो, ‘यंदा थंडी फार होती.’

हे माझे शब्द. मी ते त्यांच्या तोंडावर, त्यांच्या टाकीपाशी उभा राहून बोललो.

त्या दिवशी त्यांच्या टाकीचा पंखा मी पूर्ण दहा मिनिटं चालवला. ती दहा मिनिटं मला काढवेनात. खोलीत फक्त मोटरीचा आवाज होता, आणि मला आमच्या गावची दूध संस्था दिसत होती.

आमच्या दोन म्हशी होत्या. वस्ती डोंगराच्या अंगाला. आबा पहाटे धार काढून किटली सायकलला अडकवून संस्थेत जायचे. मी मागे बसायचो. हिवाळ्यात तेवढ्या वाटेतच दुधाला वर साय धरायची. संस्थेतला माणूस वरचं दूध मापात ओतून घ्यायचा आणि नमुना घ्यायचा तो किटलीच्या तळाशी उरलेल्या दुधातून. आमचं फॅट कधी सहाच्या वर लागलं नाही. शेजाऱ्यांचं तसल्याच म्हशींचं साडेसात लागायचं. आबा रोज म्हणायचे, ‘आधी घुसळा, मग नमुना घ्या.’ ओरडून नाही, हात जोडल्यासारखं. तो माणूस म्हणायचा, ‘मागं रांग लागलीय, आबा. थंडी काय आहे बघा.’ तो काही लबाड माणूस नव्हता. त्याला घाई होती, बोटं गारठलेली होती, आणि फॅट आबांचं होतं, त्याचं नव्हतं. मी तेव्हा नऊ-दहा वर्षांचा होतो आणि त्या माणसाचा मला इतका राग यायचा की मोठा झाल्यावर याला बघून घेईन असं मी ठरवलं होतं.

तरी मी लगेच बोललो नाही. तीन आठवडे घालवले. प्रमाणपत्र जाईल, नोकरी जाईल, बायकोच्या एकटीच्या पगारात भाडं निघणार नाही, असे हिशोब करत राहिलो. शेवटी तिलाच सांगितलं. मला वाटलं होतं ती म्हणेल, आता झालं गेलं सोडा. ती म्हणाली, ‘अहो, आम्ही रक्ताचा नमुना नीट घेतला नाही, तर डॉक्टर त्या चुकीच्या आकड्यावर औषध देतात. पेशंटला वाटतं आपलं शरीरच बिघडलंय. त्या म्हाताऱ्यांना आता आपल्या गायींवर भरवसा राहिलेला नाही. तो तरी त्यांना परत द्या.’

आधी मालकाला सांगितलं, नमुन्यांचंही आणि चौकाचंही. त्यांनी वर कळवलं, चौकशी झाली. सहा आठवडे मला गाडीवर घेतलं नाही, यार्डात धुण्याच्या कामावर ठेवलं. पुन्हा परीक्षा घेतली. परत मार्गावर गेलो तेव्हा महिनाभर एक ज्येष्ठ ग्रेडर शेजारी बसून प्रत्येक गोठ्यावर माझ्याकडे बघत होता. मला ते कमीच वाटलं. वाया गेलेले नमुने दुरुस्त करता येत नाहीत, कारण ते दूध केव्हाच लोकांच्या पोटात गेलेलं असतं.

म्हाताऱ्यांकडे मी सुटीच्या दिवशी माझी गाडी घेऊन गेलो. गोठ्याच्या दारातच सगळं सांगितलं. त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं. गायींच्या किमतीतला तोटा हप्त्याने भरून देतो म्हणालो. ते म्हणाले, ‘तुझे पैसे घेऊन मी काय करू?’ आणि आत निघून गेले. त्यानंतर मी मिल्क हाउसमध्ये शिरलो की ते तिथून उठून जायचे. माझ्यावर ओरडले नाहीत, मला बदला अशी मागणीही केली नाही. फक्त मी असताना त्या खोलीत थांबायचे नाहीत. मी प्रत्येक खेपेला दहा मिनिटं त्या टाकीपाशी एकटा उभा राहायचो.

मेनोनाइट माणसाला शोधायचा प्रयत्न केला. त्यांच्या वस्तीत दोन-तीन ठिकाणी विचारलं. सगळे सौजन्याने बोलले, पण तो माणूस सापडला नाही.

आता थंडीच्या दिवसांत मी पहाटे तीनला यार्डात असतो. अर्धा तास चाकं, हवेच्या टाक्या, होज यांच्यासाठी. तो अर्धा तास मला कुणी पगारात वाढवून दिलेला नाही. रस्ता बंदची पाटी असेल तर बंद. अर्ध्या टाकीने थांबायचं तर दूध आदळून परत मागे जाईपर्यंत पाय ब्रेकवरून काढायचा नाही. मागे जाताना ते तळपायाला कळतं. सातवा गोठा राहिला तर डिस्पॅचला आधी फोन करतो आणि का राहिला ते खरं सांगतो.

२०२२च्या नाताळात मोठं वादळ आलं. २३ डिसेंबरपासून ह्युरन, पर्थ, ब्रूस, ग्रे या सगळ्या बाजूंचे रस्ते बंद झाले ते काही दिवस उघडलेच नाहीत. मी घरी खिडकीशी बसून होतो. पूर्वीचा मी असतो तर निघालो असतो आणि कुठेतरी आडवा पडलो असतो. पण गायींना नाताळ कळत नाही. धार दोन वेळा निघतेच. टाकी भरली की पुढच्या धारेला जागा हवी, आणि टँकर आला नाही तर ते दूध शेणाच्या खड्ड्यात सोडून द्यावं लागतं. कितीतरी शेतकऱ्यांनी ते त्या आठवड्यात सोडलं.

रस्ता उघडल्याबरोबर पहिल्या फेरीत म्हाताऱ्यांकडे पोचलो. आतला रस्ता त्यांच्या मुलाने ट्रॅक्टरने मोकळा केला होता. दोन्ही कडेला माझ्या खांद्यापर्यंत बर्फाच्या भिंती होत्या. मिल्क हाउसमध्ये गेलो. हात धुतले, फडक्याने कोरडे पुसले. टाकीत दूध कमी होतं. म्हणजे सोडावं लागलं होतं. वास घेतला, तापमान बघितलं, मोजपट्टी पुसून दोनदा बुडवली, आकडा लिहिला. पंखा चालू केला.

दार उघडून म्हातारे आत आले. त्यांना वाटलं असावं मी अजून गाडीपाशी असेन. मला बघून ते दारात थबकले. मी घड्याळाकडे बोट केलं आणि म्हणालो, ‘अजून आठ मिनिटं आहेत.’

त्यांनी दार लावून घेतलं, कोपऱ्यातली बादली उलटी केली आणि तिच्यावर बसले. ‘पंचवीस तारखेला दुपारी सोडलं,’ ते म्हणाले. ‘अख्खी टाकी. नात रडली.’ मग काही बोलले नाहीत. मीही बोललो नाही. पंखा फिरत होता. दहा मिनिटं झाल्यावर मी पळी घेतली, त्यांच्यासमोर बाटली भरली, क्रमांक वाचून दाखवला आणि बाटली पेटीत ठेवली. ते उठले आणि होज आत ओढून घ्यायला त्यांनी मला एका बाजूने हात लावला.